कोण राहिलं?

"कोण राहिलं?" असं विचारून भाऊसाहेब चष्मा कपाळावर चढवायचे, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं बोट टेबलावर ठेवून चालायला लागायचे. म्हणजे ते स्वतः खुर्चीतच असायचे, बोट चालायचं. शाळेच्या फाटकातून निघायचं, पिठाच्या गिरणीपाशी डावीकडं वळायचं, बोळातून मागच्या रस्त्याला लागायचं, मध्येच थबकायचं. मग डोळे न उघडताच भाऊसाहेब म्हणायचे, "हं. गिरणीच्या वरच्या मजल्यावरच्या बाई राहिल्या. घ्या एक पाकीट."

स्नेहसंमेलनाच्या आमंत्रणांची सगळी पाकिटं लिहून झाली, की शेवटी हा कार्यक्रम असायचा. आम्ही हसू दाबून बघत बसायचो. पण दर वर्षी त्या बोटाला एक-दोन विसरलेली माणसं सापडायचीच, हेही खरं.

भाऊसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. शाळेत कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात. त्यांचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं कळेल. कळल्यावर तुम्ही मला जे काही बोलाल ते मुकाट्यानं ऐकून घेईन.

आमची संस्था म्हणजे सदाशिव पेठेतली एक शाळा, तिची बालवाडी आणि वरच्या मजल्यावर बायकांचा शिवणवर्ग. ऑफिसात भाऊसाहेब, मी आणि शिपाई मावशी. आमच्या वर संस्थेचे चिटणीस, ते सर. मी मूळची यवतमाळकडची. लग्न होऊन धायरीला आले आणि इथं तात्पुरती म्हणून लागले. पहिल्याच दिवशी फोनवर "थांबा, सर येऊन राहिले" असं म्हणाले आणि मागं उभ्या असलेल्या दोन शिक्षिका एकमेकींकडं बघून हसल्या. काय सांगू बाप्पा, पुण्यात माणसं हसतात तेसुद्धा शुद्ध! मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. भाऊसाहेबांनी वहीतून मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "निरोप कळला ना पलीकडच्याला? मग झालं."

त्या दिवसापासून ऑफिसात माझ्या बोलण्याला कुणी हसलं नाही. हे त्यांचे उपकार मी कसे फेडले, तेच आता सांगायचं आहे.

भाऊसाहेबांची आमंत्रितांची एक वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबलचक. तिच्यात नावं अआइई अशी नव्हती. मावशी पाकिटं वाटत जशा चालायच्या, त्या वाटेनं होती. आधी पेठ, मग पोस्टानं जाणारे, म्हणजे नदीपलीकडचे, मग सिंहगड रोड, शेवटी बिबवेवाडी. कुणी शिक्षक निवृत्त झाला, की निरोपसमारंभाचे पेढे संपायच्या आत भाऊसाहेब त्याचं नाव वहीत चढवायचे. "आजपासून हे पाहुणे," म्हणायचे. नोकरीत असेपर्यंत आमंत्रण नाही, कारण घरच्या माणसाला कोण आमंत्रण देतो?

वहीत एका घराला दोन पाकिटं असायची. मी विचारलं तर म्हणाले, "दोघी जावांचं बोलणं नाही. एकच पाठवलंत तर ते जिन्यातच पडून राहील. कोण उचलणार हो?"

पाकीट लिहून झालं की माझ्यापुढं सरकवायचे. "वाचा. मोठ्यानं." नाव, घर नंबर, पेठ, पिनकोड, सगळं. मी म्हणायची, अहो डोळ्यांनी बघितलं की मी. त्यावर म्हणायचे, "डोळे फसतात. ओळखीचं नाव दिसलं की पुढचं न बघता हो म्हणतात. वाचा." शंभरेक पाकिटं झाली की माझा घसा कोरडा पडायचा. मग ड्रॉवरमधून खडीसाखरेचा डबा निघायचा. एक खडा मला, एक त्यांना. दुसरा मागितला तर, "पुढच्या शंभराला."

एकदा त्या चालणाऱ्या बोटाला एक टँकरवाला सापडला. कधीतरी ऐन परीक्षेत खडकवासल्याची मोठी लाइन फुटली होती आणि तीन दिवस शाळेला पाणी नव्हतं. तेव्हा या माणसानं न बोलावता टँकर आणून उभा केला होता. त्याला पाकीट गेलं. संमेलनाला तो कडक इस्त्रीचे कपडे घालून आला, शेवटच्या रांगेत बसला आणि जाताना आमंत्रणाचं कार्ड खिशातून काढून भाऊसाहेबांना दाखवून गेला. जणू सिनेमाचं तिकीट. भाऊसाहेबांनीही ते गंभीरपणे बघितलं आणि परत दिलं.

त्यांचा स्वतःचा नियमही तसाच कडक. बोलावलं नाही तिथं जायचं नाही आणि बोलावलं तिथं चुकवायचं नाही. बोलावलं म्हणजे कागदावर, नाव घालून. सख्ख्या मेहुण्यानं मुलाच्या मुंजीचं फोनवर सांगितलं, तर हे गेले नाहीत. मी म्हटलं, अहो सांगितलं की त्यांनी. तर म्हणाले, "ती सूचना झाली. आमंत्रण नाही." व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाची लग्नपत्रिका आली, की "मिळाली" एवढं लिहून घरी बसायचे. त्यांच्या घरचे वैतागायचे. मला मात्र त्यांच्या या हट्टाची गंमत वाटायची. तुम्हालाही वाटत असेल. लक्षात मात्र ठेवा.

मधल्या काळात मी कॉम्प्युटरचा एक कोर्स केला. तिथं मेल मर्ज शिकवलं आणि मी वेडीच झाले. एक्सेलमध्ये यादी करायची. वर्डमध्ये एकच लेबल मांडायचं, त्यात नावाच्या जागी नावाचा रकाना, पत्त्याच्या जागी पत्त्याचा. मग एक बटण दाबलं की यादीतल्या प्रत्येकाचं लेबल तयार! पंधरा दिवसांचं काम पंधरा मिनिटांत. मी वही घेतली आणि रोज दुपारी डबा खाऊन झाल्यावर थोडी थोडी करून सगळी टाइप केली. वाटेनं लावलेली नावं अआइई लावून टाकली. किती छान दिसली म्हणून सांगू!

भाऊसाहेबांच्या शेवटच्या महिन्यात मी चिटणीस सरांना म्हटलं, बघायला या. सर आले, दोन-चार शिक्षिकाही आल्या. सरांनीच गंमत म्हणून भाऊसाहेबांना पेन घेऊन बसवलं. एका बाजूला ते, एका बाजूला मी. भाऊसाहेबांचं तिसरं पाकीट चाललं होतं तोवर माझा प्रिंटर पानामागून पानं टाकायला लागला. सरांनी टाळ्या वाजवल्या. "भाऊसाहेब, तुमची सुट्टी झाली!" सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसले. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती मी.

भाऊसाहेबांनी एक पान उचललं, सवयीनं पहिलं लेबल मोठ्यानं वाचलं. "सुरेख आहे. माझ्यापेक्षा सरळ अक्षर." मग पान खाली ठेवून विचारलं, "आणि शेवटी हे विचारतं का, कोण राहिलं?"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, यादीत आहे तो राहतच नाही!"

"बरोबर," ते म्हणाले. "यादीत आहे तो नाही राहत."

महिनाअखेरीला ते निवृत्त झाले. नारळ झाला, पेढे झाले. जाताना त्यांनी ती लाल वही माझ्या टेबलावर उघडून ठेवली, वर त्यांचं पेन ठेवलं आणि म्हणाले, "बघून घ्या, ताई." मी होहो म्हटलं. ते गेल्यावर वही न बघताच मिटली आणि कपाटात टाकली. आता तिचं काय काम?

पुढच्याच जानेवारीत शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. सरांनी मला आत बोलावून सांगितलं, "भाऊसाहेबांचा स्टेजवर सत्कार करायचा आहे. पत्रिकेत छापू नका, त्यांना कळू देऊ नका. आमंत्रण नेहमीसारखं जाऊ दे, ते आले की नाव पुकारू." मी म्हटलं, होऊन जाईल सर. माझी नोकरी मार्चमध्ये कायम व्हायची होती, सर सांगतील त्याला मी होऊन जाईल म्हणत होते. सहाशे चौदा लेबलं काढली. एका दुपारी मावशींनी आणि मी ती चिकटवली. वाचलं एकही नाही.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी भाऊसाहेब ऑफिसात आले. पेन्शनच्या कागदावर सही हवी होती म्हणाले. सही झाली तरी उठेनात. मावशींनी चहा दिला.

"पाकिटं गेली?"

"कधीच! एका दुपारात."

"पेठेबाहेरची?"

"सगळी. धायरी, बिबवेवाडी, सगळी सोमवारीच पोस्टात टाकली."

भाऊसाहेब बिबवेवाडीला राहायचे. हे मला ठाऊक होतं हो, ठाऊक नव्हतं असं नाही. पण तेव्हा डोक्यात आलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले, बोट माझ्या टेबलावर ठेवलं. गिरणी, बोळ, मागचा रस्ता, पूल. बोट बरंच लांब गेलं, पार माझ्या कीबोर्डापर्यंत आलं आणि तिथं थांबलं.

"कोण राहिलं?"

मी हसले. "कोणी राहिलं नाही, भाऊसाहेब. सहाशे चौदा. मोजून."

"बरं," ते म्हणाले. कप स्वतः विसळून ठेवला, नेहमीसारखा. दाराशी थांबून म्हणाले, "बिबवेवाडीला पोस्टाला कधीकधी उशीर होतो." मी म्हटलं, पोचेल हो. ते गेले आणि मी मावशींना काय म्हणाले माहीत आहे? "म्हाताऱ्याला घरी करमत नाही वाटतं." जीभ झडली कशी नाही माझी!

सुवर्णमहोत्सव दणक्यात झाला. मांडव भरला होता. सरांनी माइकवरून भाऊसाहेबांचं पूर्ण नाव पुकारलं, शाल उलगडून हातात धरली. टाळ्या वाजल्या. कुणीच उठलं नाही. टाळ्या हळूहळू थांबल्या आणि सगळे माना वळवून मागं बघायला लागले. सरांनी स्टेजवरूनच मला विचारलं, "पत्रिका गेली होती ना?"

मी मान हलवली. "हो सर."

सर माइकमध्ये म्हणाले, "निवृत्त झाल्यावर आमची आठवण राहिली नाही वाटतं भाऊसाहेबांना." लोक हसले. शाल घडी करून टेबलावर ठेवली गेली आणि पुढचं गाणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात येऊन मी पहिलं काम केलं ते यादीत त्यांचं नाव शोधायचं. आडनाव टाकलं. नाही. नुसतं नाव टाकलं. नाही. म्हटलं टाइप करताना माझ्याकडून सुटलं असेल, म्हणून कपाटातून वही काढली. शेवटचं पान, बिबवेवाडी. त्या पानावरच्या शेवटच्या नावाखाली पट्टीनं एक ओळ आखलेली होती. डावीकडं अनुक्रमांक घातलेला होता, त्यांच्याच अक्षरात. ओळ रिकामी होती.

तेवढं एक नाव भाऊसाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं नाही. स्वतःला आमंत्रण कोण लिहितो? ते दुसऱ्यानं लिहायचं असतं. म्हणून वही उघडी ठेवून, वर पेन ठेवून गेले होते. आणि आठवड्यापूर्वी येऊन मला तोंडावर विचारूनही गेले होते.

मी लगेच उठून सरांकडं जायला हवं होतं. गेले नाही. मार्च तोंडावर होता. मनात म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. स्टाफरूममध्ये सर म्हणत होते, "माणसं निवृत्त झाली की बदलतात." मी तिथंच उभी होते, हजेरीचा कागद हातात घेऊन. ऐकून घेतलं.

शाल-नारळ सरांनी मावशींबरोबर पाठवला. मावशीही बिबवेवाडीच्याच. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा सर माझ्याच टेबलापाशी उभे होते. माझा जीव असा टांगणीला लागला की विचारू नका. आता मावशी बोलणार, आमंत्रण मिळालंच नव्हतं म्हणून, आणि माझी नोकरी गेली.

मावशी म्हणाल्या, "शाल घेतली. म्हनले, पत्रिका येळेवर मिळाली. गुडघा लई दुखत व्हता, म्हनून आलो न्हाई. सरांना माफ करा म्हनावं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आन् तुमाला सांगितलंय, ताई. पत्ता अगदी बरोबर व्हता."

"बघा!" सर म्हणाले. "मेल मर्ज कधी चुकतं का?" आणि माझ्या टेबलावर थाप मारून आत गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या जन्मात ज्या माणसानं खोटा पिनकोड लिहिला नाही, तो माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलला होता.

मार्चमध्ये माझी नोकरी कायम झाली. मी पेढे वाटले.

त्यांच्या घरी जायला मला अकरा महिने लागले. दर रविवारी आज जाऊ म्हणायची आणि धुणं काढायची. शेवटी पुढच्या संमेलनाच्या आमंत्रणांची वेळ आली तेव्हा पहिलं पाकीट हातानं लिहिलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तीन पाकिटं फुकट गेली. चौथं घेऊन बिबवेवाडीला गेले.

भाऊसाहेबांनी दार उघडलं. "या, ताई." बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी पाण्याला हात न लावता भडाभडा सगळं बोलून टाकलं. यादी, वही, आखलेली ओळ, स्टेजवर हलवलेली मान. रडले पण. 

"वही माझी होती," ते म्हणाले. "वहीत नाव नव्हतं, तर यादीत कुठून येणार?"

"नाही हो, भाऊसाहेब. मी विचारायला पाहिजे होतं, कोण राहिलं म्हणून."

"मी विचारलं होतं," भाऊसाहेब म्हणाले.

एवढं एकच वाक्य. आवाज चढवला नाही, काही नाही.  मग त्यांनी हात पुढं केला. मी पाकीट दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं बघितलं आणि माझ्याकडं परत सरकवलं.

"वाचा. मोठ्यानं."

मी वाचायला लागले. त्यांचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. इमारत, गल्ली. बिबवेवाडीपर्यंत आले आणि तिथंच अडखळले.  पिनकोड वाचून घेतल्याशिवाय त्यांनी पाकीट हातात घेतलं नाही. मग आत गेले आणि डबा घेऊन आले. खडीसाखर होती. एक खडा मला, एक त्यांना.

संमेलनाला ते आले. शेवटच्या रांगेत, त्या टँकरवाल्याशेजारी बसले. सर स्टेजवरून म्हणाले, "या वेळी आठवण झाली का आमची!" लोक पुन्हा हसले. भाऊसाहेबांनी बसल्या जागी हात जोडले. मी पाच फुटांवर उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

गेल्या श्रावणात भाऊसाहेब गेले. शाळेत शोकसभा झाली. सरांनी चांगलं भाषण केलं, आणि शेवटी म्हणाले, "हट्टी माणूस. सुवर्णमहोत्सवाचं आमंत्रण जाऊनही आला नाही, सत्काराची शाल घरी पाठवावी लागली." लोक मायेनं हसले, मेलेल्या माणसाला हसतात तसं. त्यांची मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. ती हसली नाही. तिला ठाऊक असावं. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं की नाही, मला माहीत नाही, कारण मी वर बघितलंच नाही.

आता नोकरी कायम होती. भीती कसली होती, सांगा? कसलीच नाही. नुसती लाज.

वही माझ्या टेबलावर असते आता. ती आखलेली ओळ मी भरली आहे, आणि त्या नावावर अजून काट मारलेली नाही. लेबलं मर्ज करूनच काढते, खोटं कशाला बोलू. पण काढून झाली की मावशींना बसवून एकेक मोठ्यानं वाचते, आणि मग चष्मा कपाळावर ढकलून टेबलावर बोट ठेवते. मला सगळ्या वाटा पाठ नाहीत. पुलाच्या पुढं चुकते.

आयुष्यभर बोलावल्याशिवाय कुठं न गेलेला आणि बोलावल्यावर कुठं न चुकलेला माणूस, पण शाळेत त्याची ओळख उरली आहे ती आमंत्रण जाऊनही न आलेला म्हणून. ती मी करून दिलेली ओळख आहे. जिथं त्यांचं नाव लिहायचं होतं तिथं मी लिहिलं नाही. आता इथं लिहून काय मिरवू?

हे छापून आलं, की पहिला अंक मी चिटणीस सरांना नेऊन देणार आहे. पाकिटात घालून, हातानं पत्ता लिहून. ते म्हणतील ठेवा, सवडीनं बघतो. मी समोरच उभी राहणार आहे, आणि त्यांना म्हणणार आहे, वाचा सर. मोठ्यानं.